तळाचा घोट

लिंबू चिरण्याआधी माई ते तळव्याखाली धरून पाट्यावर एकदा पुढे आणि एकदा मागे लाटते. तेवढ्याने सालीतून एक कडवट, हिरवा गंध सुटतो आणि फाल्गुनाच्या उतरत्या उन्हात स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून अंगणात असा सावकाश पसरत जातो, की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही माई या क्षणी घरात कुठे उभी आहे ते कळावे. माई म्हणजे माझी सासू. कोरगावच्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या आवाजाआधी हा गंध माझ्यापर्यंत पोचला होता, कारण बोलणे हा तिचा प्रांतच नव्हे. तिचे जे काही म्हणणे असेल ते तिच्या बोटांत असते. मी डिचोलीची, घरात सगळ्यांत फटकळ मी, त्यामुळे तिच्या वाटणीचे शब्दही बहुधा मीच वापरून टाकले असावेत.

बागायतीत बोंडू पिकू लागले, की पेडण्याच्या हवेला एक आंबूस गोडी चढते. काजूच्या त्या लालपिवळ्या फळांचा रस आंबवून भट्टीवर पहिल्या खेपेला जे उतरते ते हुर्राक. फेणी त्याच्या पुढची, कडक आणि मान मागणारी. हुर्राक मात्र उन्हाळ्यापुरते माहेरी आलेल्या धाकट्या लेकीसारखे हलके, आणि पावसाआधी निघून जाणारे. माई त्यात इतके लिंबू पिळी आणि वरून इतका सोडा ओती, की त्याला मद्य म्हणावे तर मद्याने रागवावे आणि सरबत म्हणावे तर सरबताने. जाड काचेच्या पेल्यात आधी आगरवाड्याच्या मिठागरातले खडे मीठ, त्यावर बिया काढलेल्या लिंबाचा रस, मीठ विरघळेपर्यंत चमच्याची किणकिण, मग दोन बोटे हुर्राक, मग सोडा, आणि सगळ्यात शेवटी देठापासून टोकापर्यंत एकच चीर दिलेली हिरवी मिरची. चमच्याचा तो नाद थांबला, की घराला संध्याकाळ झाल्याचे कळे.

हा पेला बाबांचा, माझ्या सासऱ्यांचा. दाराच्या दोन्ही बाजूंना तांबड्या सिमेंटचे बसायचे कट्टे आहेत, त्यांना आमच्याकडे सोपे म्हणतात. त्यांतला उजवा सोपा बाबांचा. उन्हे माडांच्या शेंड्यांवर गेली, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वळणावर ऐकू आला, की बाबा तिथे येऊन बसत आणि माई पेला आणून त्यांच्या हाताशी ठेवी. ते पीतही असे, की जणू समोरच्या मावळत्या उजेडाशी त्यांचे काही सावकाशीचे बोलणे चालले आहे. मिरचीशिवाय घास न उतरणारा हा माणूस. पण पेला अर्ध्यावर आला, की दोन बोटांनी ती मिरची बाहेर काढी आणि सोप्याच्या कडेवर ठेवून देई. वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवून तिथला तांबडा रंग उडून एक फिकट डाग पडला होता. आणि सगळ्यात शेवटी, घोटभर तळाला ठेवून, ते आंघोळीला उठत. बाबांचा पेला आणि बाबांची गोष्ट, दोन्ही अर्धवट, असे आम्ही त्यांना चिडवत असू. तळाचे का सोडता म्हणून मी एकदा विचारलेच, तर हसून म्हणाले, "तळाक मीठ बसता गो. ता माका नको."

माई मिरची उचलून अंगणात फेकी, कडा पुसून घेई, आणि पेला पदराआड धरून आत नेई. स्वतः ती तिखटाला दुरून नमस्कार करणारी. तिच्या पोटाला ते सोसतच नाही, म्हणून हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, मिरचीचे वाटण पडण्याआधी तिच्या वाटणीचे वाडगाभर बाजूला काढून ठेवायचे, हा या घराचा जुना रिवाज. इब्रामपूरच्या भजनी माणसाची ही मुलगी. तिच्या माहेरी भट्टीच्या वाटेने जायचीही बंदी होती. इथे येऊन नवऱ्यासाठी पेला भरायला शिकली आणि शिकली ती इतकी नेमकी, की बाबांना कधी "मीठ कमी" म्हणायची वेळ आली नाही.

गेल्या श्रावणात बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. माझा नवरा प्रकाश तेव्हा विमानतळावर कामावर होता. निरोप मिळाला तसा धावला, पण घरी पोचला तेव्हा बाबांचे हात थंड झाले होते. दोघांचे नाते ओढाताणीचे नव्हते, पण बोलके तरी कुठे होते? बाप सोप्यावर, मुलगा मोटारसायकल पुशीत अंगणात, आणि मध्ये ती संध्याकाळ. दोघांनाही वाटे, बोलायला उद्या आहेच. तो उद्या कापला गेल्याचे दुःख प्रकाशने कोणाजवळ उघड केले नाही. फक्त उजव्या सोप्यावर बसणे त्याने सोडून दिले.

मग फाल्गुन आला आणि भट्टी पेटली. इथली रीत अशी, की पहिली धार राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला, द्यायची आणि मगच माणसांनी ओठ ओले करायचे. भट्टीवाल्याने राखणदाराचे देणे दिले आणि नेहमीच्या सवयीने बाबांची बाटलीही धाडली. ती बाटली ओट्यावर उभी, आणि घरात पिणारे कोणी नाही. प्रकाश त्या वाटेचा नाहीच. आम्ही तिघेही तिच्याकडे न पाहता वावरत राहिलो. संध्याकाळी मात्र पाट्यावर लिंबू लाटल्याचा आवाज आला, चमचा किणकिणला, आणि माई भरलेला पेला घेऊन बाहेर आली. "तेंचो वाटो तेंका दिवक होयो," एवढेच म्हणाली, आणि पेला बाबांच्या जागी ठेवून दिला.

तुळशीपुढे दिवा लागला, प्रकाश आंघोळ करून आला, आणि पाहतो तर पेला रिकामा. तळाला फक्त मिरची.

"बाबा इले होते गो!" तो मला हाक मारून म्हणाला. "बघ, पेलो रिकामो."

बाप गेला तेव्हा जो माणूस रडला नव्हता, तो त्या रिकाम्या पेल्यापुढे लहान मुलासारखा रडला. मांजर, वारा, वाटेवरचा कोणी, असे काय काय माझ्या जिभेवर आले होते. त्याचा चेहरा पाहिला आणि मी तोंडात मूग धरले. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, आणि तिसऱ्या दिवशीही. मग प्रकाश कामावरून लवकर येऊ लागला. पेल्यासमोरच्या सोप्यावर बसून हलक्या आवाजात बापाशी बोलू लागला: साहेबाचा तिरसटपणा, विहिरीला गेलेला तडा, पोहोचायला झालेला उशीर. त्या शेवटच्या गोष्टीवर तो पुनःपुन्हा येई. मग बाबांना निवांतपणे पिता यावे म्हणून उठून आंघोळीला जाई. शेजारच्या सुलूकाकीला हे कळले आणि तिने लगेच आपलेही काम सांगून ठेवले: "आमची गाय कदी व्यातली ता इचार मरे तुझ्या बापाशीक!" घर कित्येक महिन्यांनी हसले. फक्त माई हसली नाही.

त्या दिवसांतली माई मला उन्हाने कडा दुमडलेल्या केळीच्या पानासारखी आठवते. पेला भरताना तिचा हात पूर्वीसारखाच नेमका चाले, पण मान खाली. प्रकाश सोप्यावर बोलू लागला, की ती दाराआड भिंतीला टेकून उभी राही. ऐकायचे तर नाही आणि तिथून हलायचेही नाही, अशी. देवघरात फुले घालताना तिचे डोळे देवाच्या चेहऱ्यापर्यंत जात नसत, पायांपाशीच थांबत. नवरा गेलेल्या बाईचे दुःख असेच आत वळत असेल, असे समजून मी तिला तिच्या शांततेत राहू दिले.

मग एका संध्याकाळी तुळशीच्या दिव्यात वात ठेवायला म्हणून मी माजघरातून बाहेर आले. प्रकाश न्हाणीत होता, पाण्याचा आवाज येत होता. अंगणातला उजेड विझायला आलेला, आणि त्या उरल्यासुरल्या उजेडात माई उजव्या सोप्याजवळ, रस्त्याकडे पाठ करून उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही हातांत बाबांचा पेला. ती घाईघाईने पीत होती. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी येत होते तरी थांबत नव्हती. पिऊन झाल्यावर तिने पदराच्या टोकाने पेल्याचा काठ पुसला, तो होता तसा जागेवर ठेवला, डोळे उघडले, आणि समोर मी.

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण मी किती वेळा हसत वापरली असेन. ते डोळे उघडताना पाहावे लागले तर ती म्हण कोणी पुन्हा उच्चारणार नाही. माईचा चेहरा काळवंडला, मग कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. वयाने, मानाने माझ्याहून कितीतरी मोठी असलेली ती बाई माझ्यापुढे चोरासारखी उभी होती; आणि चोर तिने व्हावे अन् लाजेने पाय जमिनीत माझे रुतावेत, अशी ती वेळ होती. मला मागे फिरता आले नाही, पुढेही जाता आले नाही. न्हाणीतले पाणी थांबले तशी ती माझ्या बाजूने, अंग चोरून, आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने देवघरात पाऊल टाकले नाही. दिवा मला लावायला सांगितला, तुळशीला पाणी मला घालायला सांगितले, आणि सांगताना नजर माझ्या पायांपाशी. संध्याकाळी पेला भरला, ठेवला, आणि ती मागच्या परसात जाऊन बसली. प्रकाश आंघोळ करून आला. पेला भरलेलाच. तो वाट पाहत बसला. सोड्याचे बुडबुडे वर येऊन येऊन थकले, मिरची भिजून फिकट झाली, अंधाराने पेल्याचा काठ पुसून टाकला. शेवटी तो आत आला आणि कोणाकडेच न पाहता म्हणाला, "आज बाबा इले नाय. माझाच कायतरी चुकला असतला."

मागच्या दारात उभ्या असलेल्या माईने ते ऐकले. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, असे तिचे झाले होते. खरे सांगावे, तर मुलाचा बाप दुसऱ्यांदा मरणार. न सांगावे, तर रोज त्या बापाच्या वाट्यावर हात मारायचा, आणि हातही कशासाठी, तर ज्या गोष्टीचे नाव माहेरी कोणी घेत नसे त्या गोष्टीसाठी. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी लिंबे काढायला म्हणून ती परसातल्या लिंबाखाली गेली, तशी मीही टोपली घेऊन मागे गेले. लिंबाला काटे फार. फांदी धरायला दुसरा हात लागतोच. मी एक फांदी वाकवून धरली.

"तू बघलंस मां?" ती फांदीला विचारावे तशी म्हणाली. "मीच पितंय गो. तेंच्या नावान ठेवतंय, आणि मीच पितंय."

आणि मग जी बाई कधी बोलली नव्हती ती तुटक तुटक बोलत राहिली. नव्या संसाराची गोष्ट. दिवसभर उन्हात काजू वेचून आलेली, घसा कोरडा पडलेला, आणि धुवायला घेतलेल्या बाबांच्या पेल्यात तळाला घोटभर उरलेले. ओतून टाकायच्या ऐवजी तिने ते तोंडाला लावले. "थंड लागला गो. पोटाक न्हय, जिवाक." तेव्हापासून दर उन्हाळ्यात, दर संध्याकाळी, चुलीमागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तो एक घोट. साऱ्या दिवसात तिचे स्वतःचे असे तेवढेच. बाबा गेल्यावर पहिल्यांदा पेला ठेवला तो खरोखर त्यांच्यासाठीच. मनात इतकेच होते, की नंतर धुवायला नेताना तळाचे आपण घेऊ.

"पण वरचो पिणारोच नाय," ती म्हणाली, "मगे तळाचो घोट खंयसून येतलो?"

तिने एक लिंबू तोडले, ते पदराला पुसले, पुसतच राहिली.

"मेल्यावर माणसाक सगळा दिसता म्हणतत. आता तेंका दिसत असतला मां? बायल सोरो पिता. चोरून पी होती, जन्मभर." तिचा हात थांबला. "खंयच्या तोंडान जावचा गो मी तेंच्यामुखार?"

तर तिला खाणारी लाज मी पाहिल्याची नव्हती, मुलाला फसवल्याचीही तेवढी नव्हती. ज्याच्यापासून तिने एवढीच एक गोष्ट लपवली, त्याला ती आता दिसत असेल, या कल्पनेने ती उभी जळत होती. तिच्या हातातल्या लिंबाकडे पाहता पाहता मला सोप्याच्या कडेवरचा तो फिकट डाग दिसला, दोन बोटांत धरलेली ओली मिरची दिसली, आणि बाबांचे ते हसणे. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो.

"माई," मी म्हटले, "तळाक मीठ बसता म्हणान बाबा घोट सोडीत. मगे मिरची कित्याक काढीत?"

तिने हातातले लिंबू टोपलीत टाकले.

"तेंका तर तिखट होया होता. अर्ध्यार मिरची काढून उरलेला मिळमिळीत कित्याक पीत? या घरात तिखट कोणाक सोसत नाय?"

टोपलीतली लिंबे तिने उगाचच खालीवर केली. मग पदर तोंडाला लावून ती मटकन खाली बसली, आणि पदराआडून शब्द आले ते जेमतेम मला ऐकू यावेत असे: "म्हणजे तेंका ठावक होता. आणि मी थंय भिंतीकडे तोंड करून…" आधीची लाज गेली असे मी म्हणणार नाही. उलट ती वाढली. फक्त तिचा कडवटपणा कुठेतरी उतरला. आपण लपवीत होतो आणि समोरचा आपल्याला लपवू देत होता, तळाशी घोट ठेवून, तो तिच्या पोटाला सोसेल असा करून, आणि वर मिठाचे खोटे कारण सांगून, हे कळल्यावर कोणती बायको मान वर करू शकेल? मी लिंबे काढत राहिले.

त्या संध्याकाळी पोदेराचा भोंगा वळणावर वाजला, चमचा किणकिणला, आणि माई पेला घेऊन बाहेर आली. प्रकाश डाव्या सोप्यावर बसला होता. तिने पेला उजव्या सोप्यावर ठेवला नाही. ती प्रकाशच्या शेजारी, तांदूळ निवडायला बसावे तशी बसली, आणि पेला तिच्या हातातच राहिला. कान लाल होते. पश्चिमेचा सगळा उजेड त्या पेल्यात येऊन उभा होता. मग डोळे उघडे ठेवून, मुलासमोर, रस्त्यासमोर, तिने तो ओठाला लावला.

प्रकाशच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला पाहवले नाही. हातात दिलेली वस्तू कोणी परत काढून घ्यावी, तसा तो क्षणभर दिसला. त्याला सगळे कळले हे दिसत होते. रागावतो की उठून जातो, मला उमजेना. माई सावकाश पीत होती आणि तिखटाने तिचे डोळे भरून आले होते, किंवा तिखटाने नसतीलही. पेला अर्ध्यावर आला. तिने दोन बोटांनी मिरची बाहेर काढली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हात तसाच अधांतरी धरला.

प्रकाश उठला. तिच्या बोटांतली मिरची त्याने आपल्या बोटांत घेतली, समोर गेला, आणि उजव्या सोप्याच्या कडेवर, त्या फिकट डागावर नेमकी ठेवली.

"बाबा हंयसर ठेवीत," तो म्हणाला. आणि कितीतरी महिन्यांनी तो बापाच्या जागी बसला.

माईने घोटभर तळाला ठेवले आणि पेला त्याच्या शेजारी ठेवून ती दिवा लावायला आत गेली. त्या रात्री तो कोणी धुतला नाही. सकाळी पाहिले, तो घोट तसाच होता. कोणी आले नव्हते. माईने तो परसात नेऊन लिंबाच्या मुळाशी ओतला, आणि मग कोणी सांगितले नसताना देवघराचे दार उघडले. अजूनही ती प्यायला बसली, की पहिल्या घोटाला तिचे कान लाल होतात आणि मान जराशी भिंतीकडे वळते. वैशाख संपत आला आहे. हुर्राक पावसापलीकडे टिकत नाही, आणि थोड्या दिवसांनी भट्टीही निवेल. काळ प्रत्येकाचा पेला रिकामा करून उपडा घालतो हे खरेच. पण ज्याने जाताना कोणासाठी तरी, कारण न सांगता, घोटभर मागे ठेवले, त्याची जागा रिकामी झाली तरी कोरडी होत नाही.